डॉरेटची साक्ष

डॉरेट बेकफर्ड माझी शेजारीण. आमच्या क्रिस्टियाना गावच्या बाजारात ती कंद आणि कांद्याची पात विकायची. मी शिवणकाम करते, आणि शिवताना माझं तोंड हातापेक्षा जास्त चालतं. आमच्या गल्लीत माझ्या जिभेला न घाबरणारी ही एकटीच बाई होती.

तिला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचं दुखणं. त्यातूनच डाव्या घोट्याच्या आत एक जखम झाली आणि ती काही भरेना. नवरा आला, नवरा गेला, जखम राहिली. हाडापर्यंत गेली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. बाजारात दिवसभर उभं राहून पोट भरणाऱ्या बाईला पाय म्हणजे काय, हे मी सांगायला नको. दर गुरुवारी ती आरोग्य केंद्राच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. नर्स प्राइस जखम धुवायच्या, किसलेली कच्ची पपई लावायच्या, पट्टी बांधायच्या. केंद्र बाजाराच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे बाकावर कोण बसलंय हे सगळ्या गावाला दिसतं.

मग तिच्या बहिणीचं सामानाने भरलेलं पिंप आलं. परदेशात ज्याचं कुणी असतं त्याच्या दारात ख्रिसमसच्या आधी पिंप उतरतंच. ल्युरलिन बर्मिंगहॅमला असते. तिच्या पिंपात तांदूळ, तेल, साबण, बूट, आणि अगदी तळाशी मोज्यात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. ल्युरलिनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यातून उरलेल्या. दुखणं मारणाऱ्या, अफूच्या जातीच्या, कडक. बहिणीने आपल्या वाटणीचा आराम वाचवून धाडला होता. त्यात कपट नव्हतं, नुसती माया होती.

आठवड्याभरात डॉरेट कुंपणापाशी येऊन नाचून दाखवायला लागली.

"मिस व्हिन, बघ! दुखत नाही. जखमेच्या कडेची लाली पण गेली."

"गोळी खाल्लीस म्हणून दुखत नाही, शहाणे. नर्सबाईंना दाखव."

"तुझं तोंड म्हणजे कडू कारलं. देवाने हात फिरवलाय माझ्यावरून."

आणि त्या रविवारी तिने साक्ष दिली. आमच्या चर्चमध्ये ज्याला गुण आला त्याने उभं राहून सर्वांसमोर सांगायचं असतं. डॉरेट उभी राहिली, "मी बरी झाले" म्हणाली, खंजिऱ्या वाजल्या, बायका रडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, कारण तिच्या चेहऱ्यावर असा उजेड मी कधी पाहिलाच नव्हता. पण दिलेली साक्ष परत घेता येत नाही. तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण दिलेलं दान मागून घेतल्यासारखं ते दिसतं. त्या गुरुवारी बाकावर डॉरेट नव्हती. पुढच्याही नव्हती.

ती जाड मोजे घालायला लागली. मोज्यांवर बे रम, ते अंगाला चोळायचं उग्र वासाचं पाणी, शिंपडायची. मी मापं घेणारी बाई, माणसाच्या जवळ जाणं हाच माझा धंदा. ईस्टरच्या झग्याची खालची दुमड सोडायला मी तिच्या पायाशी वाकले आणि बे रमच्या खालचा वास माझ्या नाकात गेला.

"डॉरेट, मोजा काढ."

"उगाच नाक खुपसू नकोस."

"खुपसलंय म्हणूनच सांगतेय. काढ."

ती खुर्चीत बसली आणि एकदम लहान दिसायला लागली. "बाकावर कशी जाऊ मी? सगळ्या मंडळीसमोर बोलले. आता देवाला खोटं पाडू?"

"देवाला काही होत नाही गं. पाय तुझा आहे!"

ती रडली, पण बाकावर जायला काही तयार होईना. शेवटी मीच नर्स प्राइसना मागच्या वाटेने घरी आणलं. त्यांनी मोजा काढला आणि पाय उजेडाकडे वळवला. जखम पसरली होती, खोल गेली होती, पण लाल नव्हती. फिकट, राखाडी, निपचित.

"लाली गेली म्हणून मला वाटलं..." डॉरेट म्हणाली.

"लाली ही दर वेळी शत्रू नसते, मिस डॉरेट," नर्सबाई म्हणाल्या. "जखम झाली की अंगातली दुरुस्ती करणारी मंडळी धावत येतात. थोडी सूज, थोडी लाली, ऊब, ही त्यांची वर्दळ. या गोळ्या दुखणं झोपवतात, पण या मंडळींनाही सुस्त करू शकतात. मग जखम भरायची रेंगाळते. आणि दुखत नाही म्हणून तुम्ही दिवसभर त्याच पायावर उभ्या."

"म्हणजे गोळ्यांनीच केलं हे?"

"एकट्या गोळ्यांनी नाही. तुमच्या रक्ताने, उभं राहण्याने, आणि जखमेकडे कुणी पाहिलंच नाही त्याने."

डॉरेटने यातलं गोळ्यांचं तेवढं ऐकलं. माणूस घाबरला की अर्धंच ऐकतो.

जखमेचं विष हाडात शिरलं होतं. मोठ्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढला. आणि मग खरी दैना सुरू झाली, कारण आता तिने इंजेक्शन घ्यायलाच नकार दिला. नर्स येई, ही हात पोटाशी धरून ठेवी. अंगभर सिकलसेलचं दुखणं उठलेलं, कापलेला पाय दुखतोय, नसलेला पायही दुखतोय, आणि ही ओठ चावून पडलेली.

नर्स प्राइस क्रिस्टियानाहून बसने आल्या. "घ्या हो. आता हे औषध हवंच. इथे जखम रोज बघतायत, डोस मोजून देतायत. इतकं दुखणं सोसलंत तर छातीभर श्वास घेता येणार नाही, आणि तुमच्या रक्ताला ते झेपायचं नाही."

"एकदा आराम घेतला, पाय गेला," डॉरेट म्हणाली. "आता दुखू दे. दुखतंय म्हणजे भरतंय."

मी ओरडले, शिव्या दिल्या, हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ काही कामाची नव्हती. ती कुत्र्यासारखी धापा टाकत होती, वरवर, छाती हलू न देता. दोन दिवसांनी तिची छाती भरली. मग तिला इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला, पण उशीर झाला होता. शेवटपर्यंत तिच्या कपाळाची आठी उतरली नाही. मी अंगठ्याने ती पुसायला बघायचे.

ल्युरलिन मातीला आली. खुबा धरून, काठी टेकत, भारी काळ्या कोटात घामाघूम. सगळे पांगल्यावर तिने माझा दंड धरला.

"मिस व्हिन, तू होतीस ना शेजारी? खरं सांग. मी गोळ्या धाडल्या होत्या. स्वतः कमी घेऊन, कळा सोसून साठवल्या होत्या तिच्यासाठी. पोचल्या ना? घेतल्या ना तिने?"

मी कुणाची भीडभाड ठेवणारी बाई नाही, हे गावातल्या कुणालाही विचारा. मी त्या बाईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"घेतल्या की," मी म्हणाले. "फार आराम पडला तिला. माझ्यासमोर नाचली होती."