चिनी काढा आणि शाखेतली किल्ली

मंगळवार, १४ मे २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. कुलकर्णी काकूंनी माझ्या टेबलावर चिनी लिपीत छापलेली काढ्याची पुडी ठेवली आणि आधीच बजावले, "हे बंद करायला सांगू नकोस."

मी जयपूरच्या सी-स्कीममधील एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. रुग्ण कोणकोणती औषधे घेतो आणि त्यांतले काय बाधू शकते, हे तपासणे माझे काम. काकू बँकेत अधिकारी. राहतात मालवीय नगरला, शाखा बस्सीला. वर्षभरात त्यांना चार वेळा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. मुलाने सिंगापूरहून हा काढा पाठवल्यापासून तीन महिने एकदाही नाही.

आमचे युरॉलॉजिस्ट डॉ. माथुर यांनी फाइल चाळून निकाल दिला, "साबित कुछ नहीं है. बंद कराओ."

त्यांचे चूक नव्हते. अशा काढ्यांवरचे अभ्यास मी वाचले. बहुतेक छोटे आणि कच्च्या रचनेचे; उपयोग होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय काही चिनी मिश्रणांत पूर्वी ॲरिस्टोलोकिक ॲसिड आढळले आहे, आणि ते मूत्रपिंड कायमचे निकामी करू शकते. या पुडीवर घटकांची पूर्ण यादीच नव्हती. काकूंचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी, नॉर्मल आले. ते तसेच राहावे, एवढाच प्रश्न होता.

पण मग तीन महिने संसर्ग का झाला नाही, याचे उत्तर राहत होते. काढा घेता कसा, असे मी विचारले. एक पुडी लिटरभर पाण्यात, थर्मासमध्ये; जेवणापर्यंत संपवायची. दुपारी पुन्हा तेवढेच. आणि काढा सुरू करण्याआधी ऑफिसात किती पाणी पीत होतात? काकू ओशाळल्या. दोन कप चहा.

"अगं, वॉशरूमची किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. कस्टमरसमोर सारखी कशी मागणार? आता म्हणते, सर, दवाई चल रही है. मतलब, औषध म्हटलं की कोणी काही बोलत नाही."

मी काढ्याआधीचे जुने रिपोर्ट काढले. लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाणी १.००० धरले तर ती किती दाट, हे १.०३० होते, म्हणजे फारच दाट. कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी ते वाढवले की असे संसर्ग घटतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. काकूंना हे पटले, पण चेहरा उतरला.

"मग आता किल्ली काय सांगून मागू?"

मी प्रिस्क्रिप्शन लिहून डॉ. माथुरांपुढे ठेवले: पुडी बंद, पाणी एक लिटर, ऑफिसच्या वेळेत दोनदा.

"पानी पर साइन करूँ?" त्यांनी विचारले. मग सही केली, वर शिक्काही मारला.

काकू ऑगस्टमध्ये आल्या. संसर्ग नाही. मॅनेजरांनी प्रिस्क्रिप्शन दोनदा वाचले होते आणि किल्ली वॉशरूमशेजारी खिळ्याला अडकवली होती.

एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. काढ्याबद्दल नाही आणि पाण्याबद्दलही नाही. मी मात्र आता प्रत्येकाला विचारते, औषध कशाबरोबर घेता. काकूंच्या फाइलमधली माझी शेवटची नोंद: विशिष्ट गुरुत्व १.००८.