कलाबाईंची जेवायची वेळ

सिडकोतल्या कलाबाईंच्या मेसमध्ये अंबडच्या कारखान्यांतली तीस-पस्तीस पोरं जेवायला येत, ती भाकरीसाठी. बाजरीची, हातावर थापलेली, टम्म फुगलेली. शेवभाजी आणि ठेचा काय, सगळीकडेच मिळायचा. कलाबाईंचे यजमान मोतीराम ही मेस ‘मी चालवतो’ असं सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. ते दाराशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याला ‘या, बसा’ म्हणत. मेस चालायला तेवढं पुरतं. उरतो तो नुसता स्वयंपाक.

१९९६ साली कलाबाईंच्या छातीत जळजळायला लागलं. आडवं झालं की घशाशी आंबट यायचं. सल्ल्यांची टंचाई पडली नाही. थंड दूध झालं, जिरं झालं, खायचा सोडा झाला. “पित्ताची प्रकृती हाय तुझी, माहेरचीच,” असं निदान मोतीरामांनी केलं. देवळ्याकडची माणसं सगळी पित्ताचीच, असंही ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं गावही देवळा तालुक्यातच होतं, पण ते वेगळं.

शेवटी एका डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली. सकाळी उपाशीपोटी एक, पंधरा दिवस. ते पंधरा दिवस नऊ वर्षं चालले.

कॅप्सूलला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पोटातलं आम्ल कमी करायचं एवढंच काम तिला दिलं होतं आणि ते ती चोख करत होती. जळजळ थांबल्यावर डॉक्टरांकडे परत जायचं कशाला? मधे एकदा कलाबाईंनी ती एकदम सोडून पाहिली, तर आग दुपटीने उसळली. म्हणजे कॅप्सूल लागतेच, हे सिद्धच झालं. चौकातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी कधी मागितली नाही. उलट कलाबाई लांबून दिसल्या की तो पट्टी काढून ठेवायचा. एवढी आपुलकी हल्ली सख्खे दाखवत नाहीत.

ती पट्टी लोणच्याच्या बरणीशेजारी असायची. तर्री जास्त झाली की पोरंही त्यातली एखादी उचलत.

“मावशी, आग लावणारा आणि बंब शेजारीशेजारी ठेवलेत, हे बरं केलं,” मिलिंग मशीनवरचा मयूर एकदा म्हणाला.

“गिळ गुमान. तुमच्या कंपनीत काय, बंब दुसऱ्या गावात ठेवत्यात का?” कलाबाई म्हणाल्या.

पोरं नऊपर्यंत जेवून जात. मग मोतीराम जेवत. मग भांडी, मग ओटा. साडेदहाला कलाबाई पातेलं पुढ्यात ओढून बसत. रस्सा तळाला उरतो तो सगळ्यात जहाल, कारण मसाला खाली बसतो. तो कलाबाई भाकरीशी संपवत आणि लगेच पाठ टेकत, कारण डब्यांसाठी पहाटे उठायचं असे. टाकी काठोकाठ भरून आडवी केली आणि तिचं झाकण सैल असलं तर काय होतं, हे अंबडमधला कालचा हेल्परही सांगेल. इथं तर अंबडचे पस्तीस जण रोज जेवत होते. पण पस्तिसांचंही जेवण वेळेवर होत असल्यामुळे प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही.

२००५च्या उन्हाळ्यात कलाबाईंच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. पुढं बोटं बधिर झाली. पीठ हाताखाली आहे की नाही तेच कळेना. भाकरी कडेला चिरायची, मधे जाड राहायची.

“मावशी, आज कुठल्या जिल्ह्याचा नकाशा?” मयूरने विचारलं. त्या आठवड्यात सहा जण पलीकडच्या गल्लीतल्या मेसला गेले.

मग एका संध्याकाळी तव्यावर भाकरी टाकताना त्यांची बोटं तव्याला टेकली आणि टेकलेलीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी हात काढला.

“लक्ष कुठं असतं तुझं?” मोतीराम दारातून म्हणाले. नंतर शांतपणे विचार करून त्यांनी तोडगाही काढला. “भाकरी बंद करू. पाव आणत जाऊ.”

कलाबाईंनी बोटांना गार पाणी लावलं. “भाकरी गेली तर मेस गेली,” त्या म्हणाल्या. “आन् मंग मी काय करू? दारात खुर्ची टाकू?”

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. डॉ. देवरे नावाच्या बाई नुकत्याच तिथं बसायला लागल्या होत्या. त्यांनी सुईने बोटं टोचून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. नसांना लागणारं बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलं होतं. मांस-मच्छी, अंडी काही नाही, दूध चहापुरतं, आणि जे थोडं पोटात जात होतं ते अन्नातून सुटं व्हायला आम्ल लागतं. ते नऊ वर्षं दाबून ठेवलेलं.

“कॅप्सूल वाईट नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काहींना कायमची लागते. पण कुणी विचारलं का, की तुम्हाला लागते का? बरं, रात्री जेवता कधी?”

“सगळ्यांचं झालं की.”

“म्हणजे किती वाजता?”

“सगळ्यांचं व्हतं तवा.”

“आणि झोपता कधी?”

“जेवले की.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. नऊ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. आता इंजेक्शनं घ्यायची, कॅप्सूल एकदम न सोडता हळूहळू कमी करायची, मधे जळजळ थोडी उसळेल ती सोसायची, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालायच्या, तळाचा रस्सा टाकून द्यायचा आणि झोपण्याच्या तीन तास आधी जेवण उरकायचं. म्हणजे सातला.

विटांचं मोतीरामांनी सोसलं. “रातभर पायथ्याकडं घसरतोय मी,” एवढंच कुरकुरले. पण सातच्या जेवणाला ते अडले. “मेसवाली बाई गिऱ्हाइकाच्या आधी जेवती? लोक म्हणतील, उष्टं वाढती.”

“हात धुऊन वाढीन की.”

“आन् सातला कोणी आलं तर?”

“तुम्ही हायेत की. मेस तुम्हीच चालवता ना?”

पहिल्या दिवशी त्या सातला ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या, चोरी केल्यासारख्या. दोन पोरं आली, दारातच घुटमळली. मयूर आत डोकावून म्हणाला, “मावशी, तब्येत बरी नाही का?” बाई वेळेवर जेवतेय म्हणजे आजारीच असणार, हे त्याचं अनुमान अगदीच चुकीचं नव्हतं.

पहिले काही आठवडे जळजळ खरंच उसळली. कलाबाईंनी दोनदा बरणीशेजारच्या पट्टीकडे हात नेला आणि मागे घेतला. गणपतीपर्यंत बोटांत जीव यायला लागला. सगळा आला नाही, डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं अजून बधिरच आहेत. पण भाकरी गोल झाली, आणि गेलेल्या सहा जणांपैकी चौघे, अधूनमधून येऊन जातोय असं दाखवत, परत आले.

आता त्या दाराकडे तोंड करून जेवतात. सातला कुणी नवखा आला आणि भाकरीची घाई करू लागला, तर मोतीराम खुर्चीवरून हात आडवा करतात.

“थांबा जरा. बाई जेवत्यात,” ते सांगतात. “आपल्याकडं तशी शिस्तच हाय, पहिल्यापासून.”