मागच्या गेटची डोकी

"अरे, आकडा वाढव म्हणालो होतो मी. माणसं जन्माला घाल म्हणालो होतो का?"

"साहेब, आकडा वाढवायचा म्हणजे माणसं लागणारच की. नाव, काम, आत कधी, बाहेर कधी, चार रकाने आहेत. रिकामे ठेवू?"

"मग धोबी लिही, झाडूवाली दोनदा लिही. हा कोण? 'काळा कोट, उंच, अर्धा चेहरा झाकलेला. औषधांच्या स्टोअरची चौकशी केली. नाव विचारल्यावर नुसता हसला.' हसला?"

"ते... तिथं शोभलं तसं."

सुपरवायझरनं रजिस्टर मिटलं आणि कपाळाला हात लावला. हॉस्पिटलच्या मागच्या गेटची केबिन म्हणजे एक खुर्ची आणि एक खिळा. खुर्चीवर माणूस बसला की खिळ्यावरची टोपी त्याच्या कानाला लागते. तिथं दोघं उभे होते, त्यामुळे सुपरवायझरचा घाम गार्डच्या शर्टाला पुसला जात होता. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. ॲडमिनच्या मॅडमकडून रजिस्टर आत्ताच परत आलं होतं, पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या लावून. सोबत निरोप होता: अकरा वाजता ऑफिसात या, सिक्युरिटी कंपनीच्या फिल्ड ऑफिसरलाही बोलावलंय.

ज्यानं हे लिहिलं त्या गार्डला सगळे 'बखर' म्हणायचे. अक्षर मोत्यासारखं आणि लिहायला बसला की थांबायचं नाव नाही. मागं एकदा गेटमधून मांजर आत आलं, तर त्याच्यावर यानं सव्वा पान खर्च केलं होतं. मांजराचा रंग, दिशा, हेतू, सगळं. अशा माणसाला 'जरा सढळ हातानं लिही' म्हणणं ही सुपरवायझरची चूक. दुसऱ्या कुणाला दोष देता येत नव्हता.

गोष्ट अशी होती. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या मॅडमनी हॉस्पिटलभर फेरी मारली आणि विचारलं, आपल्याला तीन गेटं कशाला हवीत? मागच्या गेटनं दिवसाला किती माणसं येतात ते आठवडाभर मोजून द्या. आणि मोजायचं काम दिलं सुपरवायझरलाच.

पहिल्या दिवशी त्यानं इमानदारीनं मोजलं. चोवीस तासांत एकेचाळीस डोकी. त्यातही धुण्याच्या गाडीवाले दोघं जाता-येता धरून चारदा. दुपारपाळीत नऊ. कागदावर एकेचाळीस लिहून तो त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसला, दावणीचा बैल विकायला काढल्यावर त्याच्याकडे बघावं तसा.

कारण या धंद्यात सुपरवायझरचा पगार डोक्यांवर ठरतो. त्याच्या स्वतःच्या नाही, त्याच्या हाताखालच्या. वीस माणसं असली तर सुपरवायझर, महिना सव्वीस हजार. एक जरी कमी झालं तरी हेड गार्ड, साडेएकोणीस. मधे काही नाही. आणखीही कलमं होतीच: बँकेच्या साईटला जास्त, हॉस्पिटलला त्याखाली, राहत्या बिल्डिंगला सगळ्यात खाली. आग विझवायच्या कोर्सचा दाखला असला तर वेगळे, कॉम्प्युटर येत असला तर वेगळे. त्याच्याकडे दाखला एकच होता, शाळा सोडल्याचा, तोही नववीचा. बाकी सगळी चौदा वर्षांची उभी नोकरी. या साईटवर माणसं होती बरोबर वीस. मागच्या गेटची तीन पाळ्यांची तीन माणसं गेली की सतरा.

आणि चारच महिने झाले होते खोली बदलून. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले. तिसऱ्या मजल्यावरून ती उतरायची ती बसत बसत, एकेका पायरीवर, आणि दवाखान्याखेरीज कुठं जायची नाही. शेवटी त्यानं तळमजल्याच्या दोन खोल्या घेतल्या. भाडं चार हजारांनी जास्त, पण आता ती बाहेर ओट्यावर बसून भाजी निवडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हटकते. सव्वीस हजारांत ते जेमतेम बसत होतं. साडेएकोणीसमध्ये कुठून बसणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं तिन्ही पाळ्यांना हळूच सांगितलं, जरा सढळ हातानं लिहा. शंभराच्या आसपास गेलं की झालं. बाकीच्या दोघांनी धोबी वाढवले, नर्सा वाढवल्या. बखरनं सहा दिवसांत एकशे त्रेसष्ट माणसं घडवली, आणि त्यांतली अकरा मुद्दाम मनापासून घडवली होती.

"आता काय करायचं साहेब?" बखर म्हणाला.

"तू काही करू नकोस. तू आता हात मांडीखाली घेऊन बस."

अकरा वाजता तो ऑफिसात गेला. जाताना दोनदा शर्ट खोचला, एकदा लघवीला जाऊन आला.

मॅडम बारीक चणीच्या, आवाज न चढवणाऱ्या. अशा माणसाची जास्त भीती वाटते. फिल्ड ऑफिसर आधीच येऊन बसला होता. पोट टेबलाला टेकलेलं, समोर दोन फोन पालथे घातलेले. सुपरवायझरला खुर्ची होती, पण तो उभाच राहिला.

"बसा," मॅडम म्हणाल्या. तो खुर्चीच्या कडेला टेकला. "सात दिवसांत अकरा संशयित माणसं. औषधांचं स्टोअर त्या गेटपासून वीस पावलांवर आहे. आणि तुमच्याकडून एका ओळीची लेखी तक्रार नाही. मी गेट बंद करायचा विचार करत होते. इथं तर जत्रा भरलीये."

"हो मॅडम," एवढंच तो म्हणाला.

फिल्ड ऑफिसरला मात्र पाऊस पडायच्या आधीच पीक दिसायला लागलं. "मॅडम, मी कधीपासून म्हणतोय, ही साईट 'अ' वर्गात घ्या. माणसं चोवीस करू. मागच्या गेटला दोन-दोन. आणि 'अ' वर्गाचा सुपरवायझर, महिना चौतीस हजारवाला. सगळं टापटीप."

चौतीस. चौतीस हजारांत गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा हप्त्यानं होईल, एवढं सुपरवायझरच्या मनात येऊन गेलं. बखरला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या त्यानं परतही घेतल्या.

"मग हेच राहतील ना?" मॅडमनी त्याच्याकडे बोट केलं.

"हे?" फिल्ड ऑफिसर हसला. "नाही हो. 'अ' वर्गाला अटी असतात. बारावी पास, आगीचा कोर्स, कॉम्प्युटर, वय पंचेचाळीसच्या आत. हे एक्कावन्नचे. नाहीतर मग फौजेतून निवृत्त झालेला."

"पण यांचा चौदा वर्षांचा अनुभव आहे."

"अनुभवाचे पैसे दहा वर्षांपर्यंतच धरतात मॅडम. पुढची चार यांनी हौसेनं केली समजा."

"मग यांचं काय?"

"बघू कुठं तरी. एखाद्या बिल्डिंगच्या गेटवर लागतोच की गार्ड."

हेड गार्डसुद्धा नाही. साधा गार्ड, सोळा हजार. डोकी कमी झाली तर पगार जातो एवढंच सुपरवायझरला ठाऊक होतं. वाढली तर माणूसच जातो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. गप्प बसावं, त्यानं ठरवलं. नवा सुपरवायझर यायला महिना तरी जाईल. महिन्यात काहीही होऊ शकतं.

"आणखी एक," मॅडम म्हणाल्या. "मी पोलिसांना कळवतेय. त्या काळ्या कोटवाल्याचं चित्र काढून घेऊ. ज्या गार्डनं पाहिलंय त्याला दुपारी चौकीवर पाठवा."

इथं मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बखरला पोलिसांपुढं बसवलं तर तो त्या कोटवाल्याचं वय सांगेल, चालण्याची ढब सांगेल, घरी बहीण किती तेही सांगेल. आणि ते उघडं पडलं की आत जाणार तो बखर, दोन लेकरांचा बाप, साहेबानं सांगितलं म्हणून लिहिणारा.

"मॅडम," तो म्हणाला. "तो माणूस नाही."

"माणूस नाही म्हणजे?"

"म्हणजे आलाच नाही. कोटसुद्धा नाही."

टेबलाखालून फिल्ड ऑफिसरचा बूट त्याच्या नडगीवर बसला. पण आता बांध फुटला होता. "मी लिहायला सांगितलं मॅडम. गार्डांचा दोष नाही. दिवसाला येतात एकेचाळीस. पहिल्या दिवशी मी मोजलेत. बाकी सगळं लिहिलेलं आहे, आलेलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "का?"

मग त्यानं सांगितलं. वीस डोक्यांचं, सव्वीस हजारांचं, साडेएकोणीसचं. बायकोच्या गुडघ्यांचा विषय मात्र त्यानं काढला नाही. तो त्याला कुणापुढं काढवत नसे.

मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा घातला. खिडकीबाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"म्हणजे गेट बंद झालं की तुमचा पगार कापला जातो. आणि मोजायला मी तुम्हालाच बसवलं."

"हो मॅडम."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"विचारलं नव्हतं तुम्ही."

"तो आमच्या कंपनीचा आतला मामला आहे," फिल्ड ऑफिसर घाईनं म्हणाला. "आणि खोटं रजिस्टर म्हणजे सरळ काढून टाकायचं कलम आहे. याला मी आजच—"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आधी गेटवर चला. मी स्वतः मोजते."

बारा ते दोन मॅडम केबिनच्या खुर्चीवर बसल्या. फिल्ड ऑफिसर उन्हात उभा राहिला आणि दोन्ही फोनवर आळीपाळीनं बोलत राहिला. सुपरवायझर गेटाच्या कडीला धरून उभा. एरवी हे गेट सुनं असलं की त्याला बरं वाटायचं. आज रस्त्यानं येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे तो, पाहुण्याची वाट बघावी तसा बघत होता, आणि माणूस सरळ पुढं निघून जात होता. दोन तासांत चौदा डोकी आली. धुण्याची गाडी, चार झाडूवाल्या, गॅसच्या सिलिंडरची गाडी, एक सुतार, आणि शवागाराची गाडी, मागोमाग रडत आलेली दोन माणसं. मोजायचं म्हणून मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बखरनं चौदा ओळी लिहिल्या, प्रत्येकी एकच शब्द, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्याला कुणी उपाशी ठेवलंय.

दोन वाजता मॅडम उठल्या.

"गेट बंद करता येणार नाही. शवागाराची गाडी पुढच्या गेटनं, पेशंटच्या डोळ्यांसमोरून न्यायची नाही. पण दिवसाच्या एका पाळीपुरतंच उघडं राहील. रात्री-बेरात्री गाडी आलीच तर पुढच्या गेटचा माणूस येऊन कुलूप काढेल. दोन माणसं कमी."

अठरा. त्यानं मनात हिशोब केला आणि तो चुकला असेल म्हणून पुन्हा केला.

"रजिस्टरचं मी वर लिहिणार नाही. तुम्ही आपणहून बोललात म्हणून. आणि सुपरवायझर हेच राहतील, तसं मी करारात घालते."

"नाव घाला की मॅडम, नावाला काही पैसे पडत नाहीत," फिल्ड ऑफिसर म्हणाला. मग सुपरवायझरकडे वळून हळू आवाजात, "पद राहील. पगार अठरा डोक्यांचा. एक तारखेपासून. आणि नशीब समज."

"नोकरी?"

"आहे म्हणलं ना. आता पाया पडू नकोस, मला जेवायचंय."

मॅडम निघताना थांबल्या. पगाराचं ऐकलं होतं त्यांनी. काहीतरी म्हणायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण कंपनीचा पगार हॉस्पिटलच्या हातात नव्हता, आणि ते दोघांनाही माहीत होतं. त्या गेल्या.

भिंतीच्या सावलीला जाऊन त्यानं घरी फोन लावला. गोल गोल बोलायची त्याला सवय नव्हती. "साडेसहा हजार कमी झाले," तो म्हणाला. "एक तारखेपासून."

बायको ओट्यावर होती बहुतेक, मागून रस्त्याचा आवाज येत होता.

"नोकरी आहे ना?"

"आहे."

"बाकी काय केलंत?"

"खोटं लिहिलं. मग खरं सांगितलं."

"दोन्ही एकाच दिवशी? एरवी तर तुम्हाला एक काम धड होत नाही." मग ती म्हणाली, "आपली वरची जुनी खोली मालकानं दिली असेल का हो दुसऱ्याला?"

"विचारतो."

"विचारा. आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर काही आहे का तेही विचारा. एकदम तिसरा नको."

"बरं."

"जेवलात का?"

"जेवतो."

तो जेवला नाही. दुपारपाळीचा आणि रात्रपाळीचा गार्ड, या दोघांना कंपनी दुसरीकडे पाठवणार होती, आणि ते त्यांना त्यालाच सांगायचं होतं. कसं सांगायचं ते मनात जुळवत तो हजेरीपुस्तक काखेत मारून उभा होता. एक वाक्य जुळलं की पुढचं मोडत होतं. बखर मागं येऊन उभा राहिला.

"साहेब, माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं नाही. पण तू आता उद्यापासून पुढच्या गेटला बस. तिथं खरीच एवढी येतात की तुला शिंकायला वेळ मिळणार नाही."

खांद्यावरची वॉकी-टॉकी खरखरली. पुढच्या गेटवरून कुणीतरी ओरडत होतं, ॲम्ब्युलन्स अडकलीये, आडवी गाडी लावून मालक आत गेलाय, सापडत नाही.

"नंबर सांग," तो म्हणाला आणि चालायला लागला. दहा पावलांवर पळायला लागला. वळणावर त्याला गाडी दिसली, पांढरी, अर्धी रस्त्यात, आणि तिच्यामागं ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा गरगरत होता.

"कुणाची गाडी आहे ही? ए, चौघं या इकडं! मागून धरा, हां, ढकला आता!"