नकारावर अपील

ज्योतिषाकडे कसे वळलात, असं विचारलं की लोक छान छान सांगतात. कुणाच्या आजोबांची पोथी असते, कुणाला स्वप्नात दृष्टान्त होतो. मी वळले ती रागाने. माझ्या मुलीला येणाऱ्या नकारांच्या रागाने.

मुलगी महापेला कंपनीत नोकरीला, बोलायला तिखट, दिसायला माझ्यापेक्षा किती तरी बरी. हनुवटीखाली कोडाचा एक पांढरा डाग, रुपयाएवढा. तो आम्ही कधी लपवला नाही, फोटोतही दिसायचा. स्थळं यायची, पोहे खायची, मुलाची आई "खूप आवडली हो" म्हणत मुलीचा हात हातात घ्यायची, आणि दोन दिवसांनी मोबाईलवर निरोप: पत्रिका जुळत नाही, क्षमस्व. पुढे जोडलेले हात. पहिल्या वेळी मी हळहळले. चौथ्या वेळी माझं डोकं सटकलं.

याला माझी नोकरी कारणीभूत. बेलापूरच्या सरकारी कार्यालयात अर्ज तपासण्यात माझी हयात गेली. आमच्याकडे अर्ज फेटाळायचा तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहिलं की त्यावर माणूस अपिलात जाऊ शकतो. त्यामुळे कुणी कारण दिलं की ते तपासून बघायचं, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. साऱ्या जगाला ठाऊक होतं की 'पत्रिका जुळत नाही' हे कारण नसतंच. पाहुण्यांना लिफ्टपर्यंत सोडायला जातो, तसा तो एक रिवाज असतो. मला ठाऊक नव्हतं. मी पदर खोचला आणि थेट शास्त्रच शिकायला निघाले.

सानपाड्यात आमच्या सोसायटीमागच्या देवळाच्या हॉलमध्ये दर रविवारी ज्योतिषाचा वर्ग भरायचा. शिकवणारे सर आधी न्हावा शेवा बंदरात लोकांचे कंटेनर सोडवून द्यायच्या धंद्यात होते. "शनी म्हणजे कस्टमवाला," ते सांगायचे. "अडवणार, कागद मागणार, पण माल खरा असेल तर सोडणार." वर्गात एका गृहस्थांना मुलाचा व्हिसा कधी येणार ते बघायचं होतं. एका बाईंना सून वेगळी कधी राहणार ते बघायचं होतं. मागच्या रांगेत त्यांची सूनच बसायची, तिलाही तेच बघायचं होतं. शास्त्राची ओढ अशी कुणालाच नव्हती.

मी मात्र हुशार निघाले. खात्याच्या परीक्षा देऊन आलेल्या बाईला नक्षत्रं काय जड! गुणमेलन तर सरळ आमच्या छाननीसारखं, छत्तीसपैकी अठरा मिळाले की पास. शिकून झाल्यावर मी जुन्या स्थळांच्या पत्रिका काढल्या आणि त्यातल्या खारघरच्या मुलाची मुलीच्या पत्रिकेशी ताडून पाहिली. गुण अठ्ठावीस. नाडी वेगळी, मंगळ दोघांनाही नाही. इतकी चांगली पत्रिका तर आम्हा नवराबायकोचीही जुळली नव्हती, आणि आम्ही इतकी वर्षं एकमेकांना सहन करतोय.

मी लगेच त्या मुलाच्या आईला फोन लावला. हात कणकेचे, म्हणून स्पीकर चालू. मुलगी समोर जेवायला बसलेली.

"अहो, तुमच्या गुरुजींची काहीतरी चूक झालीय. अठ्ठावीस गुण जुळतात."

"हो का? पण ते नाडीचं..."

"नाडी वेगळी आहे. मी स्वतः बघितलं."

"मग मंगळ असेल."

"मंगळ नाहीच."

बाई सभ्य होत्या, पण किती वेळ सभ्य राहणार? शेवटी म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण ना! त्या डागाचं होतं हो. उद्या नातवंडांना आलं म्हणजे? मुलगी गोड आहे, तिला वाईट वाटू नये म्हणून पत्रिकेवर ढकललं."

मी घाईघाईने फोन बंद करायला गेले, तर कणकेच्या बोटांनी तो बंदही होईना. मुलीने ताटावरून मान वर केली नाही.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या स्थळापासून. तुला पत्रिकेचं बरं वाटत होतं, म्हणून गप्प होते."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ मी रविवारमागून रविवार खर्चून उघडली होती, आणि तीही पोरीच्या जेवत्या ताटावर. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्या रात्री पोळ्या कुणीच खाल्ल्या नाहीत.

ज्योतिष सोडलं का? छे! तोवर सोसायटीत बातमी पसरली होती की हिला पत्रिका कळते. लोक यायला लागले. मला वाटलं, पत्रिका जुळवायला येतील. आले ते न जुळवायला. सानपाडा गावातल्या एक आजी नातवासाठी आलेल्या स्थळाची पत्रिका घेऊन आल्या. "पोरगी बरी हाय गो ताई, पन तिची आई लय बोलते. पत्रिकेत काय तरी काढ नं," म्हणाल्या. मी काढलं. शास्त्र मोठं उदार आहे, शोधणाऱ्याला दोष कमी पडू देत नाही. बघता बघता सभ्य नकार हवा असला की लोक माझंच दार वाजवू लागले, आणि मीही तो नीट घडी घालून देऊ लागले.

मग यंदा ऐरोलीचं स्थळ आलं. मुलगा आमच्या मुलीला आवडला. तिने पहिल्यांदाच स्वतःहून ड्रेस बदलला होता. मुलाच्या आईने बसल्या बसल्या सांगितलं, "आम्हाला डागाचं काही नाही हं. आम्ही मोठ्या मनाची माणसं." चहा संपेपर्यंत तिने ते तीनदा सांगितलं. मुलगा चहात बिस्कीट बुडवत होता. ते तुटून आत पडलं, तर तो चमच्याने ते शोधत बसला.

ते गेल्यावर मुलगी कप विसळता विसळता म्हणाली, "नाही म्हणून कळव."

"अगं, पण आवडला ना तुला?"

"आवडला. पण त्यांचं ते मोठं मन मला शोकेसमधल्या ढालीसारखं जन्मभर पुसत बसावं लागेल. आणि हा बिस्कीट शोधत बसेल."

इतक्या वर्षांत तिला आवडलेला हा एकच. तरी मी फोन लावला आणि रोजच्या सवयीने म्हणाले, "पत्रिका जुळत नाही हो."

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "आमच्या गुरुजींनी एकतीस गुण काढलेत. नाडीदोष नाही, मंगळ नाही. तुम्ही तर स्वतः बघता म्हणे!"

लोकांसाठी काढलेला एकही दोष मला आठवेना. मुलगी ओल्या हातांनी जवळ येऊन उभी राहिली. "सांग खरं," ती हळूच म्हणाली. "तुला कारण लागलं होतं, त्यांनाही लागणार."

मग मी सांगितलं. "तुमचं मन मोठं आहे, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. मुलाने तुम्हाला एकदाही थांबवलं नाही. माझ्या मुलीला नवरा हवाय, उपकार नकोत."

बाई फणकारल्या, "एवढं तोंडावर बोलायची काय गरज होती? पत्रिका जुळत नाही म्हणायचं ना सरळ!"

"तेच म्हटलं होतं," मी म्हणाले. "अपिलात तुम्ही गेलात."