मॅडम, तुमचो मेंटर कोण?

गेल्या पावसाळ्यात एका काळजीने माझी झोप उडवली होती. इरा कॉलेजात गेली की कँटीनमध्ये चहा कसा मागणार?

इरा तेव्हा पाच वर्षांची होती. चहा पीतही नव्हती.

"आधी पहिलीत तर जाऊ दे गो तिला!" नवरा कूस बदलून म्हणाला.

पण पहिलीचंच घोडं अडलं होतं. इराला ऑटिझम आहे. घरी मनात आलं की आजीशी मालवणीत कुर्ल्यांवर, म्हणजे खेकड्यांवर, तास-तास बोलते. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. शाळेच्या मुख्याध्यापिका गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी भेटायला आणा. आमच्यासमोर एक शब्द तरी बोलू दे, मग बघू." तो 'मग बघू' माझ्या उशाशी येऊन बसला होता.

अशात कुडाळकडच्या एका कॉलेजला मेंटर हवी होती. ऑटिझम, एडीएचडी अशा वेगळ्या घडणीच्या मेंदूची जी मुलं तिथे शिकतात, त्यांच्या सोबतीला. माझी मानसशास्त्राची एम.ए. कपाटात झोपली होती, तिला हलवून उठवलं. लोकांना वाटलं, काय ही समाजसेवा! समाजसेवा कसली? मला ट्रेलर बघायचा होता. माझी पोर वीस वर्षांची झाल्यावर कशी असेल, त्याचा!

ट्रेलर राहिला बाजूला. किनाऱ्यावरच्या घरात वाळू साठते तसे किस्से साठले. कितीही झाडा, कुठल्या तरी कोपऱ्यात सापडतातच.

* * *

माझा पहिला विद्यार्थी ओंकार. वालावलचा, बी.एस्सी.ला. पहिल्या भेटीसाठी मी आरशासमोर भाषणाची तालीम केली होती. आवाजात शक्य तेवढा जिव्हाळा ओतून म्हटलं, "ओंकार, तुला काहीही वाटलं ना, तर मला कधीही फोन कर. अगदी कधीही!"

दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी फोन वाजला. मी धडपडत उठले. काय झालं असेल या पोराला? पॅनिक अटॅक? घर सोडलं?

"मॅडम, ओंकार बोलतंय. माका काय वाटूक नाय."

"मग?"

"तुमी 'कधीय' म्हणालास. म्हणान बघलंय, उचलतास काय."

* * *

आमच्याकडे रस्त्यात माणूस दिसला की "खंय चललंस?", कुठे चाललास, असं विचारायचं, ही रीत आहे. उत्तराची कोणाला गरज नसते. "हयसरच," म्हणजे इथेच, असं म्हणायचं आणि पुढे जायचं.

ओंकार उत्तर द्यायचा. पूर्ण! गेटवरच्या वॉचमनला, झाडूवाल्या काकींना, झेरॉक्सवाल्याला, प्रत्येकाला थांबून सांगायचा की पहिलं लेक्चर कुठे, मग लॅब कुठे, आज प्रॅक्टिकल कशाचं आणि डबा कुठे बसून खाणार. वर्गात पोचेपर्यंत हजेरी झालेली!

मी तज्ज्ञाच्या थाटात तोडगा काढला. "कोणी विचारलं की नुसतं 'हयसरच' म्हण."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मॅडम कॉलेजात खोटं बोलायला शिकवतात!

"पण मी हयसर नाय चललंय. मी लॅबात चललंय."

शेवटी त्यानेच आपला मार्ग शोधला. समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच विचारायचं! पहिल्याच दिवशी गेटजवळ समोर आले प्राचार्य. ऐन कामाच्या वेळी, हातात पिशवी.

"सर, तुमी खंय चललास?"

प्राचार्य कॉलेजात शुद्ध पुस्तकी मराठीशिवाय बोलत नाहीत. पण प्रश्न इतका सरळ आला, की बिचारे गडबडले.

"बांगडे इलेत म्हणतत... जरा बघून येतंय."

* * *

दुसरी सानिका, मालवणची. तिच्या घरी सगळे मालवणी बोलतात, ती मात्र टीव्हीवरच्या बातम्यांसारखी बोलते. "आमच्या घरात ह्यां खंयसून इलां, देवाक म्हायत!" असं तिची आई मला पहिल्या भेटीतच म्हणाली.

एकदा आईने तिला मासे आणायला पाठवलं. सानिका मासेवालीला म्हणाली, "नमस्कार. मला पापलेट हवे आहेत. कृपया दर सांगाल का?"

मासेवालीने एक नजर टाकली आणि बेधडक पर्यटकांचा भाव सांगितला!

सानिका त्याच बातम्यांच्या आवाजात म्हणाली, "मी आपल्या मागच्याच आळीत राहते. काल आपण माझ्या आईशी विहिरीवर भांडलात."

* * *

याच सानिकासाठी मी प्राध्यापकांना प्रशिक्षण दिलं होतं. ती वर्गात हेडफोन लावते, हा उद्धटपणा आहे असं स्टाफरूमचं मत. म्हणून प्रोजेक्टर लावून, माइक घेऊन मी दणदणीत समजावलं. अशा मुलांना मोठा आवाज सोसत नाही. प्रखर उजेडाचा त्रास होतो. लांबलचक बोलणं डोक्यात शिरत नाही. प्राध्यापकांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. मी घामाघूम आणि कृतकृत्य!

सानिका मागच्या बाकावर होती. मी मोठ्या आशेने विचारलं, "कसं झालं गं?"

"माइकचा आवाज फार मोठा होता. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत जात होता. आणि आपण लांबलचक बोललात."

मग हेडफोन पुन्हा कानांवर सरकवत म्हणाली, "मुद्दे बरोबर होते."

* * *

तिसरा मेल्विन. याला एडीएचडी. खडू आणायला पाठवावं, तर दुपारी व्हॉलीबॉल खेळताना सापडतो, मधल्या वेळात कँटीनचा मिक्सर दुरुस्त करून आलेला असतो आणि खडू विसरलेला असतो. खडूचं नाव काढलं की मनापासून "सॉरी, मॅडम!" म्हणतो आणि खडू आणायला पुन्हा नाहीसा होतो.

त्याला एके दुपारी मी समोर बसवलं. "मेल्विन, लक्षात राहत नसेल तर मोबाइलला कामाला लाव. अलार्म लाव. अलार्म वाजला की हातातलं सोडायचं आणि ते काम करायचं. हसण्यावारी न्यायचं नाही!"

मी बोलण्यात इतकी रंगले होते, की मधेच माझा मोबाइल वाजला तो न बघताच बंद केला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा मेल्विनने मान लांब करून स्क्रीन वाचली.

"मॅडम, हयसर लिहिलेला आसा, 'इराला बालवाडीतून आणायचं'."

मी किंचाळून उठले. स्कूटरची चावी सापडेना. पर्स उलटी केली, ड्रॉवर उपसले. मेल्विनने माझ्या केसांत खोवलेल्या पेनाला अडकलेली चावी अलगद काढून हातावर ठेवली.

"मॅडम, तुमचो मेंटर कोण?"

* * *

त्या दिवसापासून इरा दुपारची कॉलेजातल्या आमच्या खोलीत येऊ लागली. टेबलाखाली बसायची. ओंकार तिथेच जमिनीवर बसून जर्नल लिहायचा. तो तिच्याशी बोलायचा नाही, ती त्याच्याशी बोलायची नाही. माझा जीव मात्र टांगणीला! पाणी आणायच्या निमित्ताने मी मुद्दाम बाहेर जायची. आपण नसताना तरी एखादा शब्द फुटेल!

एकदा परत आल्यावर राहवलं नाही. "काय रे, बोलली काही?"

"नाय."

माझा चेहरा पडलेला बघून की काय, त्याने पेन खाली ठेवलं आणि मला धीर दिला.

"बरां चेडू आसा, मॅडम. कामाशिवाय बोलणा नाय."

* * *

शाळेच्या भेटीचा दिवस ठरला, सोमवार. मी घरी मुख्याध्यापिका होऊन दारावर टकटक करायची, "बाळ, तुझं नाव काय?" विचारायची. इरा शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जायची. सासूबाईंनी हा तमाशा चार दिवस पाहिला आणि जाहीर केलं, "तुझा मानसशास्त्र ऱ्हवांदे. रविवारी देवळात गाऱ्हाणा घालूया."

परीक्षा संपल्या म्हणून माझी तिन्ही मुलं त्याच रविवारी आमच्या गावी जेवायला यायची होती. तीही देवळात आली. सानिका हेडफोन लावून, मेल्विन उलटा शर्ट घालून.

गाऱ्हाणं सासूबाईंच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे आबांनी घातलं. आबांचा आवाज खाडीपलीकडे जातो. ते देवाला एकेक मागणं सांगणार आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात होकार द्यायचा. इरा माझ्या साडीचा पदर मुठीत धरून उभी.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरची लेकरां तुझ्या पायाकडे येवन उभी रवली आसत. तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर असात, ती बाजूक सार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या इरा नावाच्या चेडवाक इतर पोरांसारखां कर रे म्हाराजा!"

"थांबा," ओंकार म्हणाला. "कोणासारखां?"

आबा खेकसले, "गाऱ्हाण्यात मधी बोलाचा नसता रे!"

"घराचा नाव घेतलास, चेडवाचा नाव घेतलास. मगे ज्याच्यासारखां करूचा, त्या पोराचा नाव कित्याक नाय? देवान मेल्विनसारखां केल्यान तर चलात तुमका?"

"कित्याक? माका काय झाला?" मेल्विन म्हणाला.

आबांनी मेल्विनला उलट्या शर्टासकट खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी घाईघाईने मान हलवली. आबांनी घसा खाकरला, पुन्हा हात जोडले आणि मागणं बदललं.

"बा देवा म्हाराजा! ह्या इराक चार माणसांत बोलाक लाव रे म्हाराजा!"

माझ्या डोळ्यांसमोर सोमवार उभा राहिला. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने मीच ओरडले, "व्हय म्हाराजा!" मागोमाग सगळं देऊळ घुमलं, "व्हय म्हाराजा!"

घुमणं विरलं. इराने मुठीतला पदर सोडला, एक पाऊल पुढे टाकलं, आबांकडे सरळ बघितलं आणि मागच्या ओळीपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"नाय म्हाराजा!"