स्टेशनपर्यंतची चाचणी

बॅगा दुरुस्त करण्याच्या त्या दुकानात एक नियम होता आणि बॅगवाल्याने तो एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. दुरुस्त झालेली बॅग गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो तिच्यात जुन्या चादरीत गुंडाळलेल्या सात विटा भरायचा, चेन लावायचा आणि ती ओढत स्टेशनपर्यंत जाऊन यायचा. वाटेत दगडी फरसबंदी होती, एक दमछाक करणारा चढ होता, पुलाच्या बेचाळीस पायऱ्या होत्या आणि शेवटी लांबलचक फलाट. फलाटाच्या टोकाला तो वाकून चाकं बघायचा, हँडल तीनदा वरखाली करायचा आणि परत फिरायचा. दुकानात आल्यावर बॅगेला बांधलेल्या चिठ्ठीवर, मालकाचं नाव आणि वायद्याची तारीख यांच्याखाली, ‘चाचणी : स्टेशन’ असं लिहून सही करायचा.

“स्टेशनपर्यंत गेलेली बॅग जगात कुठेही जाईल,” असं तो छातीठोकपणे सांगायचा.

बॅगांच्या बाबतीत ते खरंच होतं. तो स्वतः मात्र स्टेशनपर्यंतच गेला होता. म्हणजे लग्नकार्याला, कोणाच्या आजारपणाला, चार माणसांच्या घोळक्यात तो गाडीत बसला होता; पण एकटा, आपल्या मनाने, कधीच नाही. फलाटावरचा चहावाला त्याला रोज न चुकता विचारायचा, “काय बॅगवाले, आज तरी निघालात का?” आणि तो म्हणायचा, “आज बॅग निघालीय. मी नाही.”

कोणती बॅग कुठे जाऊन आली, हे त्याला चाकावरून कळायचं. आसाशी वाळू अडकलेली असली की समुद्र. लाल माती असली की डोंगराकडचा रस्ता. ती वाळू टोच्याने उकरून काढताना त्याला गिऱ्हाइकांचा हेवा वाटे, पण तो हेवा ओळखीपाळखी नसलेल्या माणसांचा होता; दुकान बंद केलं की तोही तिथेच राहायचा. सख्ख्या बहिणीचा हेवा मात्र घरी येतो, ताटावर बसतो, रात्री अंथरुणात कूस बदलतो.

धाकटी बहीण एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर बसायची. लहानपणी ही मुलगी इतकी भित्री, की रस्ता ओलांडायचा तर दादाचं बोट लागायचं. ते बोट ती असं आवळायची की त्याचं टोक पांढरं पडायचं. घरात शूर कोण, तर दादा. हे ठरलेलं होतं आणि पन्नास वर्षं ठरलेलंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा सहलीला निघणार होते. आदल्या दिवशी नवऱ्याची कंबर धरली. तसाही त्याला घरचा पंखा सोडवत नव्हता. “तू जा की,” तो पडल्या पडल्या म्हणाला, आणि त्याला वाटलं तसं ती “नको” म्हणाली नाही. गेली. पाच दिवसांनी परत आली ती वेगळीच. तेव्हापासून दर चार-सहा महिन्यांनी ती एकटी कुठेतरी जाऊन येई आणि पुढच्या रविवारी भावाकडे जेवायला येऊन सगळं सांगे.

ते रविवार बॅगवाल्याच्या डोळ्यांत सलत. त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलाशी, त्याची बायको आणि मुलगी हातातला घास हातात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसत.

“आत्या, सांग ना, मग त्या बाईने काय केलं?”

“आधी जेवू दे गं मला. मग सांगते.” आणि ती सावकाश जेवायची. मुद्दाम. सगळ्यांना ताटकळत ठेवून.

“वन्सं, एकटीने जेवायला लाज नाही वाटत?” बायकोने एकदा विचारलं.

“पहिल्या दिवशी वाटली. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. मग कळतं, कुणाला वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी मी खिडकीचं टेबल मागून घेतलं.” ती हसली. “आणि वहिनी, पाच दिवसांत मला एकाही माणसाने विचारलं नाही की आज स्वयंपाकाला काय आहे! एका पुलावर मी दीड तास उभी राहिले. नुसती बोटी बघत. ‘चल आता, काय बघतेस’ म्हणायला कोणी नव्हतं. हे बरोबर असते तर तिसऱ्या मिनिटाला चहा मागितला असता.”

बॅगवाल्याने मध्येच विचारलं, “आणि आजारी पडलीस तर?”

“पडले होते. ताप आला. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाईंनी गोळ्या आणून दिल्या.”

“कोणी फसवलं तर?”

“रिक्षावाल्याने फसवलं. इथेही फसवतातच.”

मग त्याने आपला हुकमी प्रश्न काढला, जो तो स्वतःला एकतीस वर्षं विचारत आला होता. “संडासला जायचं झालं तर बॅग कोण सांभाळणार?”

सगळे हसले. मुलगी तर पाणी पिता पिता ठसकली. पण तो गमतीने विचारतच नव्हता. गाडीत एकटा बसलेला आपण, पाय आखडलेले, बॅग सोडवत नाही आणि थांबवतही नाही, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे कायमचं होतं.

“दादा, लहान बॅग घ्यायची आणि आत न्यायची,” बहीण म्हणाली. “नाहीतर समोरच्या माणसाला सांगायचं, जरा बघा. माणसं बघतात रे.”

इतकं सोपं. त्याचा असा जळफळाट झाला की तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ धूतच राहिला.

यंदा ती रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाला जाणार होती. तिथून पुढे दीपगृह होतं. गुरुवारी सकाळची गाडी. सोमवारी ती बॅग घेऊन दुकानात आली. एक चाक तडकलं होतं.

“होईल ना रे बुधवारपर्यंत?”

त्याने चाक फिरवून पाहिलं. खाचेत पांढरी, बारीक वाळू होती. त्याला एकदम आठवलं, की शाळेत असताना दीपगृहाचं चित्र त्याने काढलं होतं आणि हिने शेजारी बसून फक्त रंगांच्या पेन्सिली तासून दिल्या होत्या. ही जाणार. पेन्सिली तासणारी.

“हे चाक मिळत नाही आता,” तो म्हणाला. “बनवणं बंद झालंय.”

“मग?”

“मग पुढे ढकल. महिन्याभराने जा. मी बघतो कुठून मिळतंय का.”

तिचा चेहरा क्षणभर उतरला आणि त्याला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. पण ती लगेच म्हणाली, “जाऊ दे. खांद्यावरची पिशवी नेते. तेवढेच कमी कपडे.” आणि निघूनही गेली.

आतल्या बाजूला शिलाई मशीनवर बायको अस्तर शिवत होती. मशीन थांबलं.

“अहो, तिसऱ्या खणात डझनभर पडलीयत ती चाकं.”

“ती वेगळी आहेत.”

“मीच मोजून ठेवलीयत.” तिने दोरा दाताने तोडला. “एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोलला नाहीत. सुरुवात केलीत ती बहिणीपासून! वन्संना बॅग नाही म्हणून त्या थांबतील असं वाटलं होय तुम्हाला?”

मंगळवार, बुधवार ती बॅग कोपऱ्यात एका अंगावर कलंडून पडली होती आणि जाता-येता त्याच्याकडे बघत होती. गुरुवारी सकाळी त्याने कुलूप उघडलं, कोट न काढता तिसरा खण ओढला आणि पंधरा मिनिटांत चाक बसवलं. मग सवयीने विटा भरल्या. बॅग तिला नेऊन द्यायची तर विटा कशाला, हे त्याला चढाच्या मध्यावर सुचलं. तेव्हा परत फिरायला वेळ नव्हता.

गाडी लागलेली होती. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत ती दिसली. तिला तो दिसला नव्हता. रविवारी टेबलावर हसून हसून सांगणारी ती ही नव्हतीच. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोरच्या रिकाम्या बाकावर, आणि मांडीवरच्या पिशवीचा पट्टा तिने असा आवळला होता की बोटांची टोकं पांढरी पडली होती.

बॅगवाला तिथेच उभा राहिला. म्हणजे हिला अजून भीती वाटते. दर वेळी वाटत असणार. आणि तरी ही जाते. याने त्याचा हेवा कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. न घाबरणाऱ्या माणसाचं त्याला काही वाटलं नसतं. पण ही तर त्याच्याइतकीच घाबरत होती.

“दादा!” तिने त्याला पाहिलं. “अरे, चाक मिळालं? कुठे?”

“तिसऱ्या खणात,” तो म्हणाला. “आधीपासूनच होतं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला कळलं, तिला त्याचं सगळंच कळायचं.

“म्हणजे मी जाऊ नये म्हणून?”

“हो.”

गाडीने शिट्टी दिली. ती रागावेल, रडेल असं त्याला वाटलं. ती खिडकीतून वाकली आणि म्हणाली, “मूर्ख आहेस. लहानपणी मी तुझ्यावर अशीच जळायचे. तू रस्ता एकटा ओलांडायचास ना.” पुढचं चाकांच्या आवाजात गेलं.

रिकाम्या फलाटावर चहावाला पुढे आला. “काय बॅगवाले, आज तरी?”

तोंडात नेहमीचं उत्तर आलं होतं. ते बाहेर पडेना. त्याने तिकीटखिडकी गाठली आणि विचारलं, “आता पुढची गाडी कुठली?”

“उलट दिशेची. अकरा दहा. कुठलं देऊ?”

उलट दिशेची हे ऐकून त्याला आनंदच झाला. दीपगृह तिचं तिला लखलाभ! “संध्याकाळी परत येता येईल असं लांबातलं लांब द्या,” तो म्हणाला. मग त्याने दुकानात फोन लावला. “अगं, चाचणी लांबलीय.”

“कुठपर्यंत?”

“बघतो.”

“डबा इथेच राहिलाय तुमचा,” बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून ती हसत होती की काय ते त्याला कळलं नाही.

गाडी सुटल्यावर तासभर तो बॅगेच्या हँडलवर हात ठेवून ताठ बसला. मग जे व्हायचं तेच झालं. पोटाखाली कळ दाटली. त्याने समोरच्या चष्मेवाल्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, पुन्हा चष्मेवाल्याकडे पाहिलं.

“जरा बॅग बघाल का?”

“बघतो की. आत काही किमती?”

बॅगवाल्याने विचार केला. “विटा आहेत.”

चष्मेवाला मोठ्याने हसला. बॅगवाला परत आला तेव्हा बॅग जागच्या जागी होती, आणि चष्मेवाला तिच्याकडे संशयाने बघत होता, कारण त्याने ती उचलून पाहिली होती. मग सगळं सांगावं लागलं. स्टेशन, चढ, बेचाळीस पायऱ्या, एकतीस वर्षं. डब्यातले आणखी दोघे तिघे सरकून जवळ आले. कोणीतरी त्याला आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. इतका वेळ आपलं बोलणं याआधी कोणी कधी ऐकलं होतं, हे त्याला आठवेना.

पुढच्या रविवारी बहीण आली. दीपगृहाची गोष्ट तिच्या ओठांवर होती. खुर्चीजवळ तिची बॅग ठेवली होती; तिने कौतुकाने चाक फिरवलं आणि सवयीने चिठ्ठी वाचली. ‘चाचणी : स्टेशन’ यातला शेवटचा शब्द खोडलेला होता. त्यापुढे त्याच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं, ‘स्टेशनच्या पुढे’. खाली सही.

तिने चाकाकडे पुन्हा, नीट पाहिलं. खाचेत काळीभोर माती होती. तशी माती तिने कुठल्याच प्रवासात पाहिली नव्हती.

“पुढे म्हणजे कुठे?” तिने विचारलं. आवाजात हसू नव्हतं. “दादा, कुठे गेला होतास? एकटा? ही माती कुठली आहे?”

बायको आणि मुलगी हातातला घास हातात ठेवून त्याच्याकडे बघायला लागल्या. बॅगवाल्याने खुर्ची पुढे ओढली, ताट जवळ घेतलं आणि सावकाश पहिला घास तोंडात घातला.

“आधी जेवू दे मला,” तो म्हणाला. “मग सांगतो.”