काकू काय म्हणाल्या

हे मी कुणापाशी बोलले नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून बोलते. की तुम्हाला माझ्या तोंडावर थुंकता येणार नाही, म्हणून?

केजमध्ये आम्हा बायकांची एक सहकारी संस्था आहे. दुष्काळात रानातलं काम गेलं, तेव्हा आम्ही घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करायला शिकलो. कूस बदलून देणं, अंग पुसणं, भरवणं. आणि पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतलेलं — आपल्याला ताप-खोकला असला तर घरी थांबायचं, संस्थेत कळवायचं, बदली बाई जाईल. मास्क, हात धुणं, खिडकी उघडी. आपला साधा खोकला म्हाताऱ्या छातीला जड जातो, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

माझ्याकडे काकू होत्या. बागायतदारांचं घर, मुलगा अण्णा राजकारणात. लकवा मारल्यापासून त्यांचं बोलणं इतकं जड झालं होतं की घरच्यांना उमगायचं नाही. मला उमगायचं. आणि शोभाला — ती दुपारनंतर यायची, आमच्याच संस्थेतली. शोभा आली की काकू हसायच्या. माझ्यासमोर कधी हसल्या नाहीत. एवढंच. एवढंसंच होतं ते.

त्या आठवड्यात मला ताप होता, छाती भरलेली. कळवलं नाही. कळवलं असतं तर माझ्या वेळेलाही शोभाच गेली असती, कळतंय ना? पाण्याचं निमित्तही मला नाही. गाव घागरी घेऊन उभं असायचं, तेव्हा टँकर आधी त्या बंगल्यावर यायचा. हात धुवायला पाणी होतं. मास्क होता, तोंडावरच होता.

सकाळी पेज भरवताना मला ढास लागली. काकूंनी मान फिरवली. "तू लई खोकतीस. घरी जा. शोभीला धाड."

बरोबरच होतं त्यांचं. मी मास्क खाली ओढला. चमचा ओठांशी नेला, वाकले आणि खोकले — त्यांच्या तोंडावर. पहिला खोकला आपसूक आला. दुसरा मी आणला. त्यांना हात उचलता येत नव्हता. गालावर उडालेलं मी पुसलंसुद्धा नाही.

"गिळा," म्हणाले.

चारेक दिवसांत माझा खोकला ओसरला आणि काकूंना ताप चढला, धाप लागली. घरी आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, इथं कुणाला खोकला होता? अण्णा आईवर वाकले. "आये, कोण खोकत व्हतं गं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. शब्द तुटत होते, पण मला स्वच्छ कळले — "हीच. मुद्दाम."

"काय म्हणती?" अण्णांनी मला विचारलं. मलाच.

"शोभा खोकत होती म्हणतात."

काकूंनी ते ऐकलं. पुन्हा बोलायला लागल्या, जीव तोडून. अण्णांनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "कळलं आये, कळलं. बघतो मी तिच्याकडं." तरी त्या बोलतच राहिल्या. मी उशी नीट केली.

काकूंना बीडच्या दवाखान्यात नेलं. तिथंच त्या वारल्या.

शोभा चुलीच्या धुरानं अधूनमधून खोकायचीच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. संस्थेनं तिला काढलं. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली. निघायच्या आधी माझ्या दारात आली. भांडायला आली असेल, असं मला वाटलं.

"आक्का, म्या खरंच खोकले असंन का गं? मला तर कायबी आठवंना."

काय म्हणायला हवं होतं, ते मला त्या क्षणीही ठाऊक होतं. "असशील," मी म्हणाले.

ती उंबऱ्यावर बसली. "मंग काकूला म्याच मारलं," म्हणाली आणि रडली. मी तिला चहा दिला. बरं वाटलं मला — ती हसत नव्हती, म्हणून. हेही सांगायला हवं ना?

आता नव्या पोरींना मीच शिकवते. नियम सांगून त्यांना पटत नाही, म्हणून खोकला लपवला की काय होतं, ते शोभाची गोष्ट करून सांगते, नावासकट. पोरी लगेच मास्क नाकावर ओढतात. परवाच्या पोरींनाही सांगितली.